बिनघोटाची पाचवी

चैत लागला की डोंगराच्या कडेची मोहाची पाच झाडं पहाटे गळू लागतात. धावडा गावाच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या रांगेची एक सोंड जिथं रानात टेकते, तिथं भिल्लांची तीसेक घरांची वस्ती आहे आणि वस्तीच्या कुशीला ही झाडं. फुलं काही वाऱ्यानं पडत नाहीत. कुणी फांदी हलवावी लागत नाही. उजाडायच्या जरा आधी एकेक फूल आपलं आपण देठ सोडतं आणि खाली येतं. पिवळट, बोराएवढं, रसानं जड झालेलं. झाडाखाली बसलं तर चारी बाजूंनी नुसती टपटप. डोंगर झोपेत काहीतरी बोलत असावा आणि त्याला कुणी हूं म्हणत नसावं, असं वाटतं.

चतुराबाई बरडे त्या टपटपीला हूं म्हणायला जाऊन बसते. वय पन्नाशीच्या पुढं, किती पुढं ते तिलाही ठाऊक नाही. उंच, हाडाची, कपाळावर गोंदलेलं, हाताचे पंजे मोठे. हे पंजे तिच्या आईचे. आई सुईण होती. भोवतालच्या पाच-सात गावांतली अर्धी माणसं त्या पंजांवर जगात उतरली. पाटलाच्या घरी आणि लालमियाँच्या घरीही तिलाच बोलावणं यायचं. एरवी घरात घेताना लोक दहा वेळा विचार करायचे. पण कळा सुरू झाल्या की जात कुणाला आठवत नसे, बाळ रडलं की मग आठवे.

सुईणीला लुगडं, पायलीभर जवारी आणि एक बाटली द्यायची रीत होती. बाळंतिणीलाही पाचवीच्या दिवशी घोटभर पाजायचे. अंगात ऊब येते, वारं शिरत नाही, कंबर भक्कम होते. आधी चार थेंब सटवाईला, मग घोट सुईणीला, मग बाळंतिणीला. चतुरा दहा वर्षांची असताना आईच्या मागं गाठोडं घेऊन गेली होती, तेव्हा आईनं आपल्या घोटातला अर्धा तिला दिला. तिला तो आवडला नाही. पण त्यानंतर सगळं घर जरा लांब गेल्यासारखं झालं, बाळाचं रडणं पाण्याखालून आल्यासारखं झालं, ते मात्र आवडलं.

मग ती त्या पाण्याखालीच राहिली, चाळीशी उलटेस्तोवर. नवरा रामकिसन पोट फुगून गेला. चतुराबाईनं ओढ्यात भट्टी लावली. गूळ, नवसागर, मोह. पहिली धार चुलीत टाकून बघायची, निळा जाळ उठला की माल बराबर. जाळानं नाही कळलं तर जिभेनं. जिभेनं कळत गेलं, कळत गेलं आणि एक दिवस जिभेशिवाय काही कळेनासं झालं. वस्ती तिला ‘पिंपाची बाई’ म्हणायची. पोलिसांनी तीनदा पिंप फोडलं. चौथं तिनं स्वतःच पिऊन संपवलं, असा विनोद होता. सांगताना ती स्वतः सगळ्यांत आधी हसे.

तिची दारू सुटली त्याला नऊ वर्षं झाली. कशी सुटली, ते ती फार कमी जणांना सांगते, कारण ते ऐकायला फारसं चांगलं नाही.

त्या दिवशी वस्तीतल्या झेलाबाईची सून बाळंत होत होती. शिवकन्या तिचं नाव. कोवळी पोर, पहिलीच खेप. सरकारी गाडी खाली फाट्यावर येऊन थांबलेली, मधला रस्ता वाहून गेलेला. चतुराबाईला बोलावलं. ती आली तीच झुलत. बाळ उतरलं, मुलगी, रडलीही. पण नाळेला गाठ मारायची वेळ आली आणि त्या मोठ्या पंजांना दोरा धरवेना. बोटं नाचत होती. एकदा सुटला, दोनदा सुटला. झेलाबाईला डोळ्यांनी कमी दिसतं, ती दिवा धरून बसलेली. मग बाजेवरची शिवकन्या कोपरावर उठली, चतुराबाईच्या हातातून दोरा घेतला आणि आपल्या लेकीची नाळ आपणच बांधली. गाठ जरा एका अंगाला बसली. त्या पोरीची, अर्पिताची, बेंबी अजून वाकडी आहे.

चतुराबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला थरथर सुटली, तिसऱ्या दिवशी ती भिंतीशी बोलू लागली. खाली उपकेंद्रात तेव्हा नवीनच आलेली सबिहा सिस्टर बाळाला बघायला ओढा ओलांडून आली, ती या बाईला बघून हबकली. तिनं औषध आणवलं आणि हिला एकटं सोडायचं नाही म्हणून बजावलं. सोडणार कुठं? बारा दिवस त्या कुडाच्या घरात बाजेवर एक आणि भुईवर एक, अशा दोघी पडून राहिल्या. ओव्याची धुरी एकीला द्यायची तर दुसरीलाही लागायची. तेल उरलं की भुईवरचीच्या टाळूवर. बाजरीची पेज एकाच भगुण्यात. मालिश करता करता झेलाबाईला दिसायचं नाही की हा पाय सुनेचा की सुईणीचा. दारात कडुलिंबाची डहाळी टांगलेली, त्यामुळं कुणी पुरुष आत येईना, आणि पुरुष येईना म्हणून बाटलीही येईना.

पाचवीला झेलाबाईनं रीतीप्रमाणं घोट पुढं केला. चतुराबाईनं वाटी हातात घेतली, बराच वेळ धरली आणि आपला घोट सटवाईच्या पाट्यापुढं भुईवर ओतून दिला. बस्स. त्यानंतर तिनं तोंडाला लावली नाही.

पुढं वस्तीतली दुसरी एक बाई सुटायचं म्हणू लागली, तेव्हा चतुराबाईला दुसरं काही येतच नव्हतं. तिनं तिला बाजेवर घातलं, कान बांधले, दाराला डहाळी लावली. दारू सोडणारी बाई म्हणजे बाळंतीण. तिचं अंग उघडं पडलेलं असतं, तिला वारं लागू द्यायचं नाही, बारा दिवस एकटं ठेवायचं नाही, तिला खाऊ घालायचं आणि ती काय बडबडली ते बाहेर सांगायचं नाही. बाराव्या दिवशी तिचं नाव ठेवायचं. कारण पिणाऱ्या बाईचं नाव गाव काढून घेतं आणि दुसरंच ठेवतं. बायांनी कानात कुर्र करून तिचं खरं नाव तिला परत द्यायचं. अशा आता आठ जणी झाल्यात. गुरुवारी मोहाखाली बसतात, आपल्या बोलीत गाणी म्हणतात, एकमेकींचे पाय दाबतात, शिव्याही देतात. कागदावर गटाला नाव लागतं म्हणून सबिहानं विचारलं, तर बायांनी ‘बाळंतिणी’ असं सांगितलं. तालुक्याहून एकदा साहेब आले, वजनकाटा आणि पोषण आहाराची पाकिटं घेऊन. आठही जणींनी पन्नाशीच्या आसपासची तोंडं गंभीर करून वजन करून घेतलं.

यंदाच्या चैतात बाजेवर आली ती शिवकन्या.

ज्या पोरीनं आपल्या हातानं नाळ बांधली, तिची मधल्या नऊ वर्षांत काय गत झाली, ते चतुराबाईनं लांबून पाहिलं होतं. कल्याण, तिचा नवरा, ऊसतोडीला जायचा, तीही जायची. थंडीत फडावर संध्याकाळी सगळेच घेतात, तिनंही घेतली. मग सकाळी घेऊ लागली. मग नवरा एकटा जाऊ लागला. खाली फाट्यापर्यंत कुठंही पडलेली सापडायची. पोरं तिला ‘क्वार्टर’ म्हणायची. पोरगी आश्रमशाळेत, चौथीत. लहानपणापासून तिची एक खोड होती. आईच्या मांडीवर बसायच्या आधी आईच्या तोंडाचा वास घ्यायची. वास आला तर माघारी फिरायची. दिवाळीला ती घरी आली, वास घेतला आणि दोन दिवस झेलाबाईच्या बाजेखाली झोपून परत गेली. आता उन्हाळ्याच्या सुट्टीला शाळेतल्या बाईंच्या फोनवरून तिनं सांगितलं होतं की जीप फाट्यावर थांबवीन, आधी वास घेईन. आला तर त्याच जीपनं बाईंच्या गावाला जाईन आणि मग कव्हाच येणार न्हाई.

शिवकन्या हे सांगायला चतुराबाईकडं आली तेव्हा दुपार होती आणि ती प्यालेलीच होती. किती दिवस आहेत, एवढंच चतुराबाईनं विचारलं. चौदा होते. चतुराबाई उठली, तिला तशीच धरून खाली सबिहाकडं नेलं, तिथून दोघी मिळून तालुक्याच्या दवाखान्यात. एकदम सोडली तर झटका येऊन माणूस जातं, हे सबिहानं आता सगळ्यांना घोकून पाठ करून दिलं होतं. दोन दिवस तिथं काढले. गोळ्या मिळाल्या. कोणत्या वेळेला कोणती, ते चतुराबाईनं दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवलं. बाराव्या दिवशी अर्पिता येणार होती.

झेलाबाईच्या त्याच घरात पहिले चार दिवस कसे गेले, ते विचारलं तर चतुराबाईला नीट सांगता येत नाही. सगळं एकात एक मिसळलेलं आहे. बाहेर ऊन पांढरं होऊन उभं राहायचं, मोहाचा गोड, जड वास कुडाच्या फटींतून आत यायचा आणि आत ओव्याचा धूर त्याला जाऊन भेटायचा. चैतात बाजेखाली शेगडी ठेवायची म्हटल्यावर शिवकन्या चिडली, मला भाजून खाता का म्हणाली. मग रीतीपुरते दोन निखारे, तेही पहाटे, आणि लगेच बाहेर. बाया पाळीपाळीनं यायच्या. एक करडईचं तेल चोळायची, एक लसणाची चटणी वाटता वाटता लांबट गाणं म्हणायची, ज्यात नदी डोंगराला विचारते की मी माहेरी जाऊ का आणि डोंगर उत्तरच देत नाही. गाण्याला शेवट नव्हता. म्हणणारीला झोप लागली की ते थांबायचं आणि दुसरी तिथूनच उचलायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवकन्येला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. लाल, ओळीनं. ती बाजेवरून मागं सरकत होती. चतुराबाईनं मुंग्या नाहीत असं म्हटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी याच भिंतीवर तिला मेलेला रामकिसन दिसला होता. तो नाही म्हणून तिला कुणी पटवलं असतं तर तिला राग आला असता. तिनं बाहेरच्या एका पोराला सबिहाकडं पिटाळलं आणि स्वतः शिवकन्येच्या जवळ बसून भिंतीकडं पाहिलं.

“कुठं चालल्यात त्या?” तिनं विचारलं.

“वर,” शिवकन्या म्हणाली. “डोंगराकडं.”

“मंग जाऊ दे. त्यायला रस्ता दे. तू निसती मोज.”

शिवकन्या मोजत राहिली. चतुराबाईही मोजत राहिली, आणि दोनेकशे झाल्यावर तिलाही त्या खरंच दिसू लागल्या. लाल, चमकणाऱ्या, तोंडात मोहाचा एकेक कण घेऊन छपराच्या फटीतून डोंगरात जाणाऱ्या. सबिहा धापा टाकत आली, नाडी धरली, डोळे पाहिले, गोळी दिली आणि दोघींकडं आळीपाळीनं पाहत म्हणाली की गोळी कोणाला द्यायची तेवढं बराबर सांगा.

चौथ्या दिवशी शिवकन्येनं अर्धी भाकरी खाल्ली. चतुराबाईला वाटलं, उतार लागला.

पाचवा दिवस आला. दिवेलागणीला झेलाबाईनं पाटा मांडला, हळदी-कुंकू, कोरा कागद, पेन. या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते. बाळंतिणीच्या लेकराचं लिहिते, तसं दारू सोडणारीचं नव्यानं लिहील, अशी बायांची समजूत. आणि पाट्यापुढं बाटली. हो, बाटली. चतुराबाईच्या पाचवीला बाटली असायचीच. चार थेंब सटवाईचे. देवीचा वाटा कसा मोडायचा? ती दरवेळी स्वतः बाटली उघडायची, थेंब सोडायची, बूच लावायची आणि बाटली वर कोनाड्यात ठेवून द्यायची. बायांसमोर ती हे करायची तेव्हा तिची मान थोडी ताठ व्हायची. बघा, हातात धरते आणि पीत नाही. आठ पाचव्या अशा झाल्या, आठही निभावल्या. त्या निभावल्या कशा, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

या वेळी थेंब सोडून ती, नाडी बघायला आलेल्या सबिहाला वाटेपर्यंत घालवायला बाहेर गेली. तेवढ्यात झेलाबाईनं चाचपत कोनाड्यातली बाटली काढली आणि वाटीत घोटभर ओतून सुनेच्या ओठाला लावली. कपट काहीच नव्हतं. म्हातारीनं सहा पाचव्या घरच्या आणि वीस शेजारच्या केल्या होत्या. बाळंतिणीला घोट दिला नाही तर कंबर भक्कम होत नाही, एवढंच तिला माहीत. सून बाळंतीण आहे, असं तुम्हीच सांगितलं, मग?

चतुराबाई परत आली तेव्हा वाटी रिकामी होती आणि बाज रिकामी होती. कोनाडाही रिकामा होता. झेलाबाई म्हणाली, “परसाकडं गेलीय. बाटली काहून नेली, काय की.”

चतुराबाईला धावायची गरज नव्हती. पिणारं माणूस कुठं जाईल, ते पिणाऱ्याला बराबर कळतं. ओढ्याच्या वळणावर तिच्या जुन्या भट्टीचे तीन दगड अजून काळे होते. त्यातल्या एकावर शिवकन्या बसलेली, कान बांधलेली, अंगाला तेलाचा आणि धुरीचा वास, बाळंतिणीसारखी. मांडीवर लेकरू असावं तिथं बाटली. पश्चिमेला अजून उजेड होता, मळकट केशरी, आणि सगळं रान त्यात भिजून जागच्या जागी तरंगत होतं.

चतुराबाई समोरच्या दगडावर बसली. तिनं रागाचे शब्द वाटेत जुळवले होते, ते दगडावर बसताना गळून गेले.

मग शिवकन्या म्हणाली, घोट आत गेला तसा तिला वासावरून तो दिवस आठवला. तीच खोली, तोच पाटा, हीच म्हातारी, हीच वाटी.

“आत्या, मपला पयला घोट त्याच खोलीतला हाये. अर्पिताच्या पाचवीचा. तू तुपला भुईवर वतला. मपला मी पेले. तव्हा मला कोणी सांगितलं न्हाई की वतता बी येतो.”

नऊ वर्षं ती त्या भुईवर ओतलेल्या घोटावर उभी होती. त्याच क्षणी, हाताच्या अंतरावर, बाजेवरची पोर आपला पहिला घोट पीत होती, आणि तिनं पाहिलं नव्हतं. नुसतं तेवढंच नाही. त्यानंतर तिनं तो देखावा आठ वेळा मांडला. बाटलीही ठेवली, कोनाडाही दाखवला. रीत उचलली, पण तिच्यातला किडका दाणा निवडला नाही. निवडणं तर लांबच, तो मुठीत धरून मिरवला.

वाऱ्यानं बाटलीचा वास तिच्याकडं आला. निळ्या जाळाचा वास. तिच्या जिभेखाली पाणी सुटलं, आणि तिला कळलं की पाणी अजूनही तिथंच आहे, खाली, जरा वाकलं की तोंड बुडेल एवढ्यावर.

“दे,” ती म्हणाली आणि हात पुढं केला. मग तो हात तिनं पाहिला. मोठा पंजा, आईचा. बोटं नाचत होती. तिनं हात मागं घेतला आणि पदराखाली धरला.

“न्हाई. मपल्यानं धरवत न्हाई, पोरी. नऊ वर्सं मी लोकायला दाखवत व्हते की धरवतीय. नाळ तूच बांधली व्हती ना? हे बी तूच कर.”

शिवकन्येनं तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात थोडी कीव होती, थोडी थट्टाही. ती कोपरावर उठली होती त्या दिवशीही तिनं असंच पाहिलं असावं. तेव्हा चतुराबाईला दिसलं नव्हतं. मग शिवकन्येनं बूच काढलं. बाटली नाकाजवळ नेली. चतुराबाईनं डोळे मिटले. नंतर काही ऐकू येईना, फक्त वर कुठंतरी एक टिटवी, आणि मग दगडावर पाणी पडल्यासारखा, थांबत थांबत, पुष्कळ वेळ चाललेला आवाज.

“सटवाई,” शिवकन्या कोणाला तरी म्हणाली, “सगळीच घे. आमच्यासाठी उरवू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांच्यात भांडण लागलं. सबिहानं आधीच येऊन चतुराबाईला फैलावर घेतलं होतं. गोळी आणि दारू एका पोटात, तुम्हाला अक्कल हाय का, पेशंट मेला असता तर. नाडी ठीक निघाली म्हणून ती चहा प्यायला थांबली. भांडण होतं मोजणीचं. घोट गेला म्हणजे पहिल्यापासून मोजा, असं दोघी म्हणत होत्या. आमच्यावेळी आम्ही बारा पुरे काढले. आणि पहिल्यापासून मोजलं तर अर्पिता येईल तेव्हा सातवाच दिवस असेल, डहाळी दारावर असेल, नाव ठेवलेलं नसेल. पोरीला काय दाखवायचं? शिवकन्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. तिचे खांदे सांगत होते की तिला सगळं ऐकू येतंय.

चतुराबाई बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, “पाचव्या दिवशी ताप आला म्हणून बाळंतीण परत गरवार ऱ्हाती का वं?”

कुणीतरी हसलं. मग सबिहा हसली, चहा नाकात जाईपर्यंत. भांडण तिथं मोडलं. पण चतुराबाईनं पुढं जे सांगितलं, ते हसण्यासारखं नव्हतं. दिवस तेच राहतील, पाचवी मात्र पुन्हा करायची, कारण कालची पाचवी चुकली आणि ती माझी चुकी. माझ्या आधीच्या आठही चुकल्याच होत्या, तुमचं नशीब बरं म्हणून तुम्ही वाचल्या. बाटली या खोलीत पुन्हा येणार नाही. सटवाईला राग येईल तर तो माझ्यावर येऊ द्या.

झेलाबाई कोपऱ्यात बसलेली. ती एकदम रडायला लागली. तिनं सुनेला विष घातलं असं सकाळपासून सगळे तिच्यासमोरच बोलत होते आणि तिला कुणी नीट सांगत नव्हतं की का. घोटाशिवाय पाचवी म्हणजे मिठाशिवाय भाकरी, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. चतुराबाई तिच्याजवळ जाऊन बसली. म्हातारीच्या आईनं काय काय शिकवलं, ते तिनं म्हातारीला एकेक करून विचारलं; तेल कशाला, धुरी कशाला, घोट कशाला. उबेसाठी, म्हातारी म्हणाली. मग दारू होण्याआधी ती ऊब कुठं असते? म्हातारीनं बराच विचार केला. मग काठी घेतली आणि बाहेर गेली.

उन्हं वर आली तशी ती परतली. झाडाखालची फुलं बायांनी पहाटेच वेचलेली, तरी उरलीसुरली तिनं वासानं हुडकली होती. लुगड्याच्या ओच्यात वीसेक मोहाची फुलं, काहींना माती लागलेली. तिनं ती पाट्यापुढं ठेवली. एक स्वतःच्या तोंडात घातलं, चावलं आणि जरा चकित होऊन थांबली. सत्तर वर्षं तिनं मोह पाहिला होता तो वाळवलेला, भिजवलेला, सडवलेला, पिंपातला. ताजं फूल ती लहानपणानंतर पहिल्यांदाच खात होती.

“गोड हाये,” ती म्हणाली. “नुसतंच गोड हाये.”

मग तिनं एक फूल धुऊन सुनेच्या ओठाला लावलं. शिवकन्या थोडी मागं सरकली, मग तिनं ते घेतलं. दुसरं फूल म्हातारीनं हवेतच पुढं केलं आणि विचारलं, सुईण कुठाय. चतुराबाईनं तोंड उघडलं. एवढी मोठी बाई, चिमणीच्या पिलासारखी.

त्यानंतरचे दिवस संथ गेले, ओढ्याला शेवटचं पाणी असतं तसे. शिवकन्येला झोप लागू लागली. झोपेत ती मुंग्यांना रस्ता सांगायची. एकदा दुपारी चतुराबाईला डुलकीत आई दिसली, ओढ्यात बसून आपले पंजे धूत होती, धूत होती, आणि पाणी गढूळ होत नव्हतं. चतुराबाईनं तिला काही विचारलं नाही. जागी झाली तेव्हा तिच्या टाळूवर तेल होतं. कुणी घातलं, ते तिला कळलं नाही.

बाराव्या दिवशी दहाच्या सुमारास जीप फाट्यावर थांबली. शिवकन्येला खाली चालत न्यायचं ठरलं होतं, पण अर्पिता स्वतःच वर चढून आली, पाठीवर दप्तर, मागं चालकाला थांबायला सांगून. जीपचं इंजिन चालू होतं. ती घरघर वस्तीपर्यंत ऐकू येत होती. पोरगी दारातल्या डहाळीखाली थांबली. बाया भिंतीला टेकून बसल्या. शिवकन्या बाजेवरून उठली आणि चतुराबाईला वाटलं की आता ही जवळ जाईल. ती गेली नाही. होती तिथूनच म्हणाली, “आधी आयक. सात दिवसांमागं मी घोटभर पेले. मंग वतून दिली. आता तू वास घे.”

हे बोलायचं कुणी सांगितलं नव्हतं. एक बाई कपाळावर हात मारून घेणार होती, तिला दुसरीनं चिमटा काढला.

अर्पिता पुढं आली. टाचा उंचावून तिनं आईच्या तोंडाशी नाक नेलं. घाई केली नाही. एकदा घेतला, थांबली, पुन्हा घेतला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनंही इतक्या नीट तपासलं नसेल. मग तिनं आईचे बांधलेले कान पाहिले, तेलकट कपाळ पाहिलं.

“ओव्याचा येऊन राह्यला,” ती म्हणाली. “आन् लसणाचा. लै घाण.”

आणि ती दारात गेली, खाली फाट्याकडं हात हलवला, जा म्हणून. घरघर जरा वाढली, मग लांब लांब होत विरून गेली. तिनं दप्तर उतरवलं.

नाव ठेवताना कुर्र कुणी करायचं, यावर वाद झाला नाही. बायांनी चौघींनी पदराची झोळी आईच्या डोक्यावर धरली आणि पोरगी आईच्या कानाशी लागली. कुर्र तिनं मोठ्यानं केलं, सगळ्यांना ऐकू आलं. नाव मात्र हळू सांगितलं. शिवकन्या ऐकता ऐकता हसली, मग बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत. काय नाव ठेवलं म्हणून बायांनी विचारलं, तर पोरगी म्हणाली, तेच, जे आहे ते. बायांनी मग मोठ्यानं पुकारलं, शिवकन्या, शिवकन्या, आणि डोंगरानं आपल्या सवयीप्रमाणं उशिरानं हूं म्हटलं.

जेवणं झाली. ऊन पांढरं होऊन दारात उभं राहिलं. डहाळी काढायची होती, पण उठायला कुणाला होईना. बाजेवर शिवकन्या, तिच्या पोटाशी अर्पिता, झगा वर सरकलेला, वाकडी बेंबी वर-खाली होत असलेली. चतुराबाई भिंतीशी, भुईवर, नऊ वर्षांपूर्वी जिथं पडली होती बराबर तिथंच. मोठे पंजे पोटावर ठेवून तिनं एकदा त्या बेंबीकडं पाहिलं. गाठ काही वाईट बसली नव्हती. टिकली होती.

झेलाबाई उंबऱ्यात काठी आडवी धरून बसली. खालच्या आळीचा कुणी माणूस आला, चतुराबाई हाये का विचारू लागला, त्याच्या बहिणीचं काहीतरी होतं, तीही घेते म्हणे. म्हातारीनं ओठावर बोट ठेवलं.

“उद्या सकाळी मोहाखाली घेऊन ये तिला,” ती हळूच म्हणाली. “आता जा. बाळंतिणी निजल्यात.”